डोकं फुटलं! (पहिल्या वर्षाचे मातीचे अनुभव, थोडी मदतही हवी आहे)

ओली_माती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते. लिहायची वेळ परवा भट्टीने आणली.

मी शिल्पकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव धाराशिव जिल्ह्यात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला अ श्रेणी, त्यामुळे गावात 'पोरीचा हात चांगला आहे' असा लौकिक. शिल्पकला घेतली म्हटल्यावर आई म्हणाली, "म्हणजे गणपतीचा कारखाना काढणार का?" त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

पहिले दोन आठवडे आम्ही काहीच बनवलं नाही, नुसती माती तिंबली. वर्गाच्या मागे एक हौद आहे. वर्ष संपलं की सगळ्यांची कच्ची कामं त्यात जातात. म्हणजे मी जी माती मळते तिच्यात आधीच्या बॅचेसची डोकी, पंजे, पावलं विरघळलेली आहेत. मळताना तारेचे तुकडे, काडेपेटीच्या काड्या आणि एकदा शर्टाचं बटण निघालं. वास असा की होस्टेलवरची रूममेट मला आधी न्हाणीत पाठवते, मग बोलते.

मग उठाव, म्हणजे सपाट पाटीतून वर आलेलं शिल्प. पाटीवर कान करायचा होता. मी चित्रातल्यासारखा केला, कोरणीने छान रेघा ओढून. सरांनी काही न बोलता दिवा उचलला आणि दुसऱ्या बाजूला धरला. माझा कान गायब! शेजारच्या मुलाचा ओबडधोबड कान मात्र दोन्हीकडून कानच दिसत होता. पेन्सिलने सावली काढायची इतकी सवय झालेली की मातीत ती आपोआप पडावी लागते हे डोक्यातच नव्हतं. त्या रात्री मी होस्टेलच्या जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कान बघत बसले होते. दोन मुलींनी विचारलं, काय झालं म्हणून.

आठवड्यातून दोनदा मातकाम, म्हणजे चाक. त्याबद्दल न बोललेलं बरं. गोळा चाकाच्या मध्यावर यायला मला तीन आठवडे लागले. पहिली दहा भांडी मॅडमनी तारेने उभी कापायला लावली. वरून नाजूक दिसणाऱ्या माझ्या वाटीचा बुडखा विटेएवढा जाड निघाला.

आता मूळ मुद्दा. या सत्राचं मोठं काम होतं माणसाचं डोकं, जवळजवळ खऱ्या मापाचं. आमच्याकडे एक मॉडेल काका बसायला येतात. गेली कित्येक वर्षं येताहेत, "माझी पन्नासेक डोकी असतील या बिल्डिंगमध्ये" असं हसत सांगतात. पहिले चार दिवस मी समोर उभं राहून नुसता चेहरा केला. सरांनी फिरता पाट गर्रकन फिरवला तर मागे डोकंच नाही, थेट भिंत! परत सुरुवात. तीन आठवड्यांनी नाक जमलं. खरंच जमलं. काकांनी स्वतःच्या नाकावर बोट फिरवलं, मग मातीच्या नाकावर फिरवलं आणि मान हलवली.

त्यानंतर डोकं तारेने कापून आतून पोकळ करायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही. तीन आठवडे खपून केलेली कवटी कापायची? मी मानेखालून हात घालून जेवढं पोचेल तेवढं कोरलं आणि सांगितलं, झालं पोकळ. बारा दिवस सुकवलं. वरून रंग फिका पडला होता, हाताला कोरडं लागत होतं. भट्टीत ठेवलं. त्याच भट्टीत तिसऱ्या वर्षाच्या एका ताईचे मग आणि किटली होती.

दुपारी आतून 'धप्प' असा आवाज आला. नंतर आणखी दोन.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. चार मग गेले, किटलीची तोटी गेली, आणि काका सगळीकडे पसरले होते. नाक तेवढं शाबूत.

ताई एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. मी महिनाभर तिची माती मळून देणार आहे. वर्गातली मुलं म्हणतात मातीत हवेचा बुडबुडा राहिला असणार, नीट मळली नाहीस. तसंच असेल का? आणि माती आतून सुकली हे बाहेरून कळायचं कसं? महिन्याभरात दुसरं डोकं द्यायचं आहे.

---

टवाळखोर

शीर्षक वाचून घाबरत धागा उघडला. डोकं दुसऱ्याचं आहे बघून जीव भांड्यात पडला. भांडी पण फुटली म्हणताय म्हणा.

---

भट्टीवाली

ओली_माती, आधी पाणी पी. प्रत्येकाचं एक डोकं फुटतं. माझी फुलदाणी फुटली होती, आणि ती गुरूंच्या थाळीवर पडली होती.

बुडबुड्याचा आरोप मात्र चुकीचा आहे. मातीकामातला हा सगळ्यात जुना गैरसमज. हवा तापली की थोडी फुगते आणि मातीच्या बारीक छिद्रांतून निघून जाते. फोडतं ते पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,७०० पट जागा लागते. भिंत पातळ असेल तर वाफ हळूहळू बाहेर पडते. तुझ्या कवटीचा वरचा भाग सात-आठ सेंटिमीटर भरीव असणार, त्यात मधली माती ओली. भट्टी १०० अंश ओलांडून भराभर वर गेली, वाफेला वाट मिळाली नाही. 'धप्प' ऐकू आलं ते भट्टी सुरू केल्यावर किती वेळाने? पहिल्या दोन-तीन तासांत असेल तर शंकाच नको.

मी स्वतः एकदा माती गोल वळून पूर्ण बंद पोकळ चेंडू केला, टाचणीचंही भोक ठेवलं नाही. महिनाभर सुकवून भाजला. काही झालं नाही. आत अख्खी हवाच होती की!

(म्हणून मळायचं सोडू नकोस. चाकावर बुडबुडा हाताला अडकतो आणि भिंत वाकडी होते. कारण वेगळं आहे, एवढंच.)

सुकल्याची परीक्षा: तुकडा गालाला लाव. गार लागला तर आत ओल आहे. त्याहून खात्रीची म्हणजे वजन. रोज वजन कर, तीन दिवस आकडा हलला नाही की समज. पावसाळ्यात मात्र हवेतच इतकी ओल असते की 'पूर्ण कोरडं' असं काही नसतंच. त्यामुळे भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर ठेवायची, वरचं भोक उघडं ठेवून. भोकापाशी छोटा आरसा धर. धुकं धरलं तर थांब.

---

निवृत्त_मास्तर

मी ३१ वर्षं कलाशिक्षक होतो. आम्हाला बुडबुडाच शिकवला आणि आम्हीही तोच शिकवला. भट्टीवाली म्हणतात ते शास्त्र बरोबर असेल, पण बुडबुड्याच्या धाकाने पोरं माती तरी नीट मळत असत!

बाळ ओली_माती, तुझी खरी चूक सुकवण्यात नाही, न कापण्यात आहे. शिल्पकार आतून बाहेर भरत येतो आणि मातकामवाला आत रिकामं ठेवून बाहेर जातो. एकाच डोक्यात तू दोन्ही करायला निघालीस. ओतकामात हा प्रश्न येत नाही. भरीव माती कर, तिच्यावरून प्लास्टरचा साचा घे, माती काढून टाक. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' विद्यार्थिदशेतली आहे आणि ती प्लास्टरची आहे. मूळ मातीचं कोण काय विचारतो?

जमलं तर अलिबागजवळ सासवण्याला जा. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथलेच, जन्म १८९१चा. त्यांच्या घरातच संग्रहालय आहे. पुण्यातला शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला १९२८चा अश्वारूढ पुतळा त्यांचा, एकसंध ओतलेला. पण मला विचारशील तर सासवण्याची साधी माणसं आणि जनावरं बघ. कितीतरी सिमेंटमध्ये केलेली आहेत. बाग-अंगणात ती अशी बसली-उभी आहेत की पहिल्यांदा गेलो तेव्हा एकीला मी वाट विचारणार होतो.

---

ओली_माती

भट्टीवाली ताई, सुरू केल्यावर अडीच तासांनी आवाज आला. म्हणजे वाफच. (बुडबुडावाल्या मुलांना तुमचा प्रतिसाद दाखवला. एक म्हणाला, "पण सर म्हणाले होते..." बस.)

मास्तर, सासवण्याला जायचं पक्कं केलं. साच्याचं मला अजून येत नाही, ते पुढच्या वर्षी आहे.

आणखी एक विचारायचं राहिलं. ताईचा जो एक मग वाचला, त्याचा आठ दिवसांनी आपोआप टवका उडाला. अर्धचंद्रासारखा. तेही माझ्यामुळेच का? मला आता झोपेतही टवके उडताना दिसतात.

---

भट्टीवाली

टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका आहे का बघ. असेल तर तो प्लास्टरचा किंवा चुन्याचा कण. भाजल्यावर तो हवेतली ओल शोषतो, फुगतो आणि वरची खपली उडवतो. मातीचा हौद आणि प्लास्टरचं काम एकाच खोलीत असलं की हे होणारच. त्या पापात तू नाहीस.

---

ओली_माती

पांढरा ठिपका आहे!! ताईला दाखवला. ती पहिल्यांदा हसली. आणि म्हणाली, तरी महिनाभर माती मळायचीच.

---

आव्यापाशी

धागा तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

मी कुंभाराचा मुलगा. सोलापूर जिल्हा. आता पुण्यात नोकरी करतो, वडील आणि चुलते अजून चाकावर आहेत. तुमची भट्टी, आमचा आवा.

आमच्याकडे फुटतं, पण वाफेने क्वचित. का ते सांगतो. वडील माती चाळून तिच्यात घोड्याची किंवा गाढवाची लीद आणि राख मिसळतात. भाजताना लीद जळून जाते आणि मातीत बारीक वाटा राहतात. वाफ त्या वाटेने जाते. नंतर त्याच वाटेने माठ पाझरतो, म्हणून पाणी गार. लहानपणी मला वाटायचं लीद म्हणजे गरिबीचा उपाय.

दुसरं, जाडी. चाकावर मडकं जाडच निघतं. थोडं आवळलं, म्हणजे सुकून जरा घट्ट झालं, की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने (लाकडी फळीने) ठोकत ठोकत पातळ करत न्यायचं. बूडही तसंच मिटवायचं. आजोबा आवाजावरून जाडी सांगायचे. सगळीकडे सारखा आवाज आला की थांबायचं. तुमच्या वाटीचा बुडखा त्यांनी न कापता ओळखला असता.

तिसरं म्हणजे आवा पेटवताना घाई नाही. गोवऱ्या, लाकूड, मडकी, वर गवत आणि खापरं, त्यावर राख-मातीचा थर. आधी कितीतरी वेळ नुसता धूर. जाळ मागाहून. आमचा आवा ७००-८०० अंशांपर्यंत जात असेल, मोजायला कुणी गेलं नाही.

आणि चौथं, पावसाळ्यात आम्ही भाजतच नाही! चाक झाकून ठेवतात. दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ, हे आमचं वर्ष. तुम्हाला ऑगस्टमध्ये डोकं भाजायला सांगणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

थोडं कडू बोलतो. दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या प्रदर्शनात वडिलांना चाक फिरवून दाखवायला बोलावलं होतं. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर 'कारागीर' आणि शेजारच्या टेबलवरच्या बाईंच्या पट्टीवर 'कलाकार'. बाईंचा मग ९०० रुपयांना. वडिलांचा माठ लोक दीडशेवरून शंभरला मागत होते. वडिलांना काही वाटलं नाही, त्यांनी बाईंचा मग हातात घेऊन "हलका काढलाय" म्हणून कौतुकही केलं. मला वाटलं.

---

भट्टीवाली

पट्टी चुकीचीच होती. वाचून वाईट वाटलं.

पण ९०० रुपयांचं एवढंच सांगते की माझ्याकडे भट्टी १,२०० अंशांच्या पुढे जाते, विजेचं बिल आणि फुटतूट धरून त्यातले हातात किती उरतात ते विचारू नका. लीद मी कधी वापरली नाही. आम्ही ग्रॉग घालतो, म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा. काम तेच: वाट ठेवणं. ग्रॉग शिकले पाँडिचेरीत, लीद माझ्या माहेरच्या गल्लीत होती आणि मी कधी विचारलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

---

आव्यापाशी

बिलाचं मान्य. राग तुमच्यावर नव्हता, पट्टी छापणाऱ्यावर होता.

---

पेणचा_बाप्पा

एवढा त्रास कशाला? शाडू घ्या. आमच्याकडे मूर्ती भाजायचा प्रश्नच नाही. साच्यात दाबा, जोडा, सुकवा, रंगवा.

---

टवाळखोर

आणि विसर्जन करा. सत्र परीक्षेला मार्क पण तसेच विसर्जित होतील.

---

पेणचा_बाप्पा

हसा. पण साच्यात दाबायची पद्धत तिने शिकावी. दोन्ही अर्ध्यांना आतून सारखा थर लागतो, आपोआप पोकळ. आता पीओपी की शाडू यावर कुणी सुरू होण्याआधी मीच थांबतो, माझे दोन्हीचे कारखानदार मित्र इथे आहेत.

---

निवृत्त_मास्तर

बाप्पा म्हणतात ती युक्ती आजची नव्हे. ओली_माती, तू धाराशिवची ना? तेरचं लामतुरे संग्रहालय बघितलंस का? सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत तिथे. पुढचा साचा, मागचा साचा, आत पोकळ. त्या माणसाला वाफेचा हिशेब माहीत होता.

---

ओली_माती

मास्तर, तेर आमच्यापासून एसटीने तासाभरावर! शाळेची सहल गेली होती, मी बाहेर आइसकांडी खात होते. हे लिहायला लाज वाटते.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. आजी ती गोष्ट नेहमी सांगते. सगळे संत जमलेले, मुक्ताई विचारते यातलं कच्चं मडकं कोणतं, काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात आणि नामदेव कच्चे निघतात. मला लहानपणी वाटायचं नामदेवांना मार बसला म्हणून रडले. आव्यापाशी दादा, तुम्ही आवाजावरून जाडी म्हणालात तेव्हा ती गोष्ट पहिल्यांदा कुंभाराची म्हणून कळली. काका मारत नव्हते, ऐकत होते.

तुमच्या घरी येऊन एक दिवस नुसतं बसले तर चालेल का? माती मळायला तयार आहे, सध्या तीच माझी शिक्षा आहे.

---

आव्यापाशी

या की. विपूत (तुमच्या विचारपुशीत) फोन देतो. पण चपला बाहेर काढाव्या लागतील आणि आई जेवल्याशिवाय सोडणार नाही.

---

दूरदेशी_चाक

मी कॅनडात हौसेने शिकते, सार्वजनिक स्टुडिओत. इथे पहिल्या दिवशी मातीला हात लावायच्या आधी फडका कसा मारायचा ते शिकवतात. सुकी माती झाडायची नाही. ओल्या फडक्यानेच पुसायची. धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही. ओली_माती, तुमच्या वर्गात झाडू मारतात का?

---

ओली_माती

मारतात. रोज. मीच मारते. उद्यापासून फडका.

---

ओली_माती

मंडळी, पाच आठवड्यांनी परत आले आहे. मोठं लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी सोलापूरचं. आव्यापाशी दादांच्या बाबांनी मला काहीच शिकवलं नाही. पाटावर बसवलं आणि स्वतःचं काम करत राहिले. दुपारपर्यंत मी फक्त आवाज ऐकले. ओल्या मडक्यावर थापटणं पडलं की 'थप', जरा आवळलेल्यावर 'टप', आणि जाड जागी नुसतंच दबकं काहीतरी. तीनच्या सुमाराला त्यांनी थापटणं माझ्या हातात दिलं. तिसऱ्या ठोक्याला मी मडक्याला भोक पाडलं. ते म्हणाले, "आता पातळ म्हंजे काय ते कळलं." आणि त्याची माती परत गोळ्यात मिसळून टाकली. मला तीन आठवडे खपून केलेली कवटी कापवत नव्हती आणि हा माणूस सकाळचं मडकं दुपारी हसत मोडतो.

(दादा, आईंचा हुलग्याच्या माडग्याचा आणि भाकरीचा बेत मी विसरणार नाही.)

मग दुसरं डोकं. काका परत बसले, या वेळी तासाचे पैसे वर्गाने मिळून दिले. पहिल्यापेक्षा लवकर झालं, बारा दिवसांत. नाक तितकं चांगलं नाही, हे मला माहीत आहे, कुणी सांगू नका. माती जराशी आवळल्यावर मी डोळे मिटून तार लावली आणि कपाळाच्या वरून टोपी काढावी तसं डोकं उतरवलं. खरं सांगू? आत बघायला मजा आली. बाहेरून मी तीन वेळा नीट केलेला गाल आतून अगदी वेगवेगळ्या दिवशी लावलेल्या गोळ्यांचा होता. कुठल्या दिवशी घाई केली ते दिसत होतं. वेढ्याच्या कोरणीने कोरत भिंत दोन सेंटिमीटरवर आणली. बोटाने बाहेरून टिचक्या मारत गेले. डाव्या कानामागे दबका आवाज येत होता, तिथे आणखी काढलं. मग दोन्ही कडांवर काट्याने ओरखडे, पातळ चिखल, आणि टोपी परत बसवली.

वजन कँटीनच्या काट्यावर. पहिल्या दिवशी ६ किलो १०० ग्रॅम. कँटीनवाले अण्णा कांद्याच्या शेजारी माणसाचं डोकं ठेवायला तयार नव्हते, मग वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ लागले. ५ किलो १२०वर आकडा थांबला, तीन दिवस थांबला. गालाला गार लागेना.

भट्टी आम्ही संध्याकाळी लावली आणि रात्रभर ९० अंशांवर ठेवली. ताई स्वतः माझ्याबरोबर थांबली (तिचे नवे मग तिने त्या भट्टीत ठेवले नव्हते, विश्वासाला मर्यादा असते). आरशावर पहाटे चारपर्यंत धुकं येत होतं! म्हणजे काटा थांबला तरी आत एवढं पाणी. सहाला आरसा स्वच्छ. मग भोक बंद करून हळूहळू वर. ५७३ अंशांच्या आसपास ताईने वेग आणखी कमी केला. तिथे मातीतला क्वार्ट्‌झ एकदम फुगतो, उतरताना आकसतो, आणि त्या धक्क्याने चिरा जातात. शेवट ९५०ला. नंतर दीड दिवस दार उघडू दिलं नाही. मी तीनदा गेले, तीनदा हाकलली गेले.

उघडलं. अख्खं होतं. विटेसारखं लाल, आणि आकसून लहान झालेलं. जोडाच्या रेघेवर डाव्या कानामागे चार बोटं लांब चीर गेली आहे. तिथे टिचकी मारली की 'खळ्ळ' वाजतं, बाकी सगळीकडे 'टण्ण'.

---

भट्टीवाली

वा! चीर गेली कारण टोपीची कड उरलेल्या डोक्यापेक्षा आधी सुकली होती. जोडल्यावर तीन-चार दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं, दोन्हीकडची ओल सारखी होऊ द्यायची. आता भरू नकोस, तशीच दाखव.

---

निवृत्त_मास्तर

छान. सासवणे?

---

ओली_माती

दिवाळीच्या सुट्टीत, मास्तर. आधी तेर, आइसकांडी न खाता.

---

टवाळखोर

आणि काका काय म्हणाले? मुख्य माणसाचं कुणी विचारतच नाही.

---

ओली_माती

काल आले होते. डोक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "बारीक झालो की मी." मी सांगितलं माती आकसते, जवळजवळ दहावा हिस्सा. चिरेवर बोट फिरवलं, तिथे त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर टाक्यांची जुनी खूण आहे, ती मला दाखवली. मी ती खूण केलीच नव्हती, इतके दिवस बघूनही. मग म्हणाले, "नाक पहिल्याचं बरं होतं."

पहिलं नाक मी माझ्या कपाटात ठेवलं होतं. आणून दिलं. त्यांनी ते रुमालात बांधलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि पाच चाळीसच्या लोकलला गेले.